शुद्धिपत्रक क्रमांक तीन

"मशीन चुकत नाही," जावईबापूंनी खुर्ची न वळवता सांगितले आणि अंगावरची शाल सारखी केली.

बाहेर मलकापुरात जूनचा उकाडा माणसांना उकडून काढत होता. पण संगणकाच्या खोलीत जावईबापू शाल पांघरून बसले होते, कारण मशीनला गारवा लागत होता. दाराबाहेर चपलांची रांग होती. मशीनला धूळ चालत नाही असे पहिल्या दिवशी सांगण्यात आले होते आणि तेव्हापासून त्या खोलीत देवळासारखे अनवाणी जायचा रिवाज पडला होता. भगवंतराव खर्चे अनवाणी उभे होते. फरशीने त्यांचे तळपाय गारठले होते आणि हातात पाच अर्ज होते.

भगवंतराव सातपुडा बालसेवा मंडळात बत्तीस वर्षे लिपिक होते आणि येत्या शुक्रवारी, तीस जूनला, निवृत्त होणार होते. मंडळाच्या जिल्ह्यात दोनशे बारा बालवाड्या होत्या. त्यांतल्या कायम सेविकांची निवडयादी दोन वर्षांपूर्वी सचिव किसनरावांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिली होती आणि त्या यादीत त्यांच्या मेहुण्याच्या दोन्ही सुना निघाल्या होत्या. तक्रार झाली, चौकशी झाली, सुना गेल्या. मग मंडळाने ठराव केला की यापुढे यादी संगणकावर निघेल आणि हाताने लिहिलेली किंवा हाताने दुरुस्त केलेली यादी कोणीही ग्राह्य धरणार नाही. संगणक आला. तो चालवायला नागपुरात सहा महिन्यांचा कोर्स केलेला माणूस हवा होता. असा माणूस किसनरावांच्या घरातच निघाला. त्याचे नाव सहदेव आणि तो किसनरावांचा जावई.

हा जावई म्हणजे मोठीच पंचाईत होती. इतर कोणी असता तर किसनरावांनी त्याला पहिल्या आठवड्यात सरळ केले असते. पण मुलगी दिलेल्या माणसाला चुकलास असे म्हणायचे कसे? सासराच म्हणत नाही म्हटल्यावर शिपाई दयारामपासून अध्यक्षांपर्यंत सगळे कार्यालय सहदेवला जावईबापू म्हणू लागले, आणि एकदा जावईबापू म्हटल्यावर तोंडातून दुसरा शब्द काढायची सोयच उरली नाही. चहा पहिला त्यांना जायचा. तो गार झाला तर दुसरा जायचा.

तर या जावईबापूंच्या मशीनने पंधरा दिवसांपूर्वी काढलेल्या कच्च्या यादीत जानेफळची कोकिळा इंगळे नव्हती.

कोकिळा तीन एसट्या बदलून तीनदा येऊन गेली होती. नवऱ्याने दुसरा घरोबा केल्यावर ती माहेरी परतली होती आणि गावातल्या बुद्धविहाराच्या ओसरीवर चार वर्षे बिनपगारी बालवाडी चालवत होती. छत्तीस मुले होती. मंडळ त्यांच्यासाठी खडू आणि मुरमुरे पाठवायचे, तिच्यासाठी काही नाही. यंदा जागा निघाल्या. पण वयाची अट तिशीच्या आतली, आणि तिच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जुलै एकोणसाठ. पुढच्या शनिवारी ती तीस वर्षांची होणार होती आणि पुन्हा कधीच या यादीत बसणार नव्हती. पहिल्यांदा आली तेव्हा ती रडली वगैरे नाही. पदराने घाम पुसत तिने एवढेच विचारले होते, "सायेब, माह्यं नाव कोनं काढलं?"

भगवंतरावांनी तिला बाकावर बसवले आणि जानेफळच्या अर्जांचा गठ्ठा काढला. इंगळे पाच होत्या. कोकिळा, केसर, जनका आणि आणखी दोघी. यादीत एकटी केसर होती. त्यांनी पाचही दाखले ओळीने मांडले आणि पाहतात तो काय, पाचही जणी एक जुलै एकोणसाठला जन्मलेल्या. यात नवल काहीच नव्हते. जानेफळच्या मास्तरांपुढे आई पोरीला घेऊन उभी राहायची आणि पुराच्या साली झाली एवढेच सांगायची. मास्तर तरी काय करणार, वर्गातल्या सगळ्यांना एक जुलै देऊन मोकळे व्हायचे. खुद्द भगवंतरावांचा जन्म कागदोपत्री एक जुलैचाच होता. आई मात्र हुरड्याच्या दिवसांतला म्हणायची.

मशीनला हे मास्तर ठाऊक नव्हते. एक आडनाव, एक जन्मतारीख, म्हणजे एकाच बाईने पाच वेळा अर्ज केला, असे समजून त्याने चौघींना गपचूप वगळले होते. भगवंतरावांनी हे पुण्याच्या कंपनीला तीन पानी पत्रात कळवले. पत्रावर त्यांनी जावक क्रमांक घातला, पोच मागवली आणि सही जावईबापूंची घेतली. जावईबापूंनी न वाचता सही केली हे बरेच झाले.

आज शनिवार. सकाळच्या टपालाने कंपनीचे पाकीट आले. आत एक फ्लॉपी आणि एक कागद. कंपनीने चूक मान्य केली होती. संपूर्ण नवा प्रोग्राम द्यायचा तर माणूस पाठवावा लागेल, म्हणून त्यांनी मूळ प्रोग्रामची फाइल जागेवरच दुरुस्त करण्याची युक्ती पाठवली होती. फ्लॉपीत एक छोटे साधन होते. ते प्रोग्रामच्या आत ठराविक ठिकाणी जायचे, तिथे जुना आकडा अमुक आहे ना हे तपासायचे, आणि असेल तर त्या जागी नवा बसवायचे. कागदाच्या डोक्यावर लिहिले होते: दुरुस्ती क्रमांक चार.

भगवंतरावांनी तो कागद वाचला आणि त्यांना पाहुण्यांच्या घरात आपल्या गावचा माणूस भेटावा तसे वाटले. ठिकाण, जुने, नवे. बत्तीस वर्षे त्यांनी दुसरे केले काय होते?

मंडळाच्या नियमपुस्तिकेला दर दोन महिन्यांनी मुंबईहून शुद्धिपत्रके यायची. पृष्ठ त्रेचाळीस, ओळ सात, 'एक महिना' याऐवजी 'सहा आठवडे' असे वाचावे. भगवंतराव ती ओळ काढायचे, जुने शब्द तेच आहेत ना हे बोट ठेवून पाहायचे, शुद्धिपत्रकाची पट्टी कापायचे आणि बाभळीच्या डिंकाने चिकटवायचे. पुस्तिका फुगून उशीएवढी झाली होती. त्यांच्या मागून आलेले तिघे मुख्य लिपिक झाले. कार्यालयात त्यांना पाठीमागे डिंकराव म्हणत आणि भगवंतरावांना ते माहीत होते. त्यांना त्याचा रागही येत नसे. त्यांची तक्रार एकच होती, की पुस्तिका उघडून कोणी पाहत नाही.

आता वाजले होते अकरा. बुलढाण्याहून पाहणी अधिकारी आले होते, आंब्याचा रस जेवणार होते आणि पाच वाजता पक्क्या यादीवर सही करून जीपने परत जाणार होते. त्यानंतर सही मिळणार ती दोन आठवड्यांनी. पोर्चमधल्या बाकावर कोकिळा सकाळपासून डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"मशीन चुकत नाही, पण कंपनीनं पाठवलंच आहे तर टाकून पाहू," असे म्हणून जावईबापूंनी फ्लॉपी आत सारली. त्यांना नागपुरी शिक्षणामुळे प्रमाण मराठी बोलायची सवय लागली होती. ती रागावल्यावर सुटायची.

मशीन घरघरले. पडद्यावर इंग्रजी ओळ आली. जावईबापूंनी ती दोनदा वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. जुना आकडा जुळत नाही, असे मशीनचे म्हणणे होते. तरीही नवा बसवायचा का, हो की नाही, असा त्याखाली प्रश्न होता.

जावईबापूंचे बोट 'हो'कडे निघाले. आणि मग भगवंतराव खर्चे यांच्या हातून ते घडले ज्याची चर्चा मंडळात पुढे कित्येक दिवस चालली. त्यांनी जावईबापूंचे मनगट धरले.

चहा घेऊन आलेला दयाराम कपबशीसकट दारातच अडला.

"सोडा," जावईबापू म्हणाले.

"नाई," भगवंतराव म्हणाले. "जुनं जुळत नसन तर लावाचं नाई."

"बे, मले शिकवता का तुमी? डिंक लावनारे!"

हे ऐकून किसनराव आतल्या खोलीतून चपला हातात घेऊन धावत आले. त्यांनी जावयाचे मनगट कारकुनाच्या मुठीत पाहिले. जावयाला काही बोलायची सोय नव्हती म्हणून ते भगवंतरावांवर घसरले, पण तेही दबक्या आवाजात, कारण पलीकडे अधिकारी होते. शुक्रवारी निरोप समारंभ आहे, शाल-नारळ आणून ठेवले आहेत, आता या वयात हे काय आरंभले, असे बरेच काही ते बोलले. भगवंतरावांनी मनगट सोडले नाही.

"सायेब, तुमाले गोजरबाई आठवते का?" त्यांनी विचारले.

किसनरावांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

गोजरबाईची गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा शुद्धिपत्रक अकरा टपालात राहिले आणि बारा आधी आले. भगवंतराव तरणे होते, घाईत होते. जुन्या ओळीत शब्द थोडे वेगळे दिसले तरी त्यांनी बारा क्रमांकाची पट्टी चिकटवून टाकली. अकरामुळे ओळी दोनने खाली सरकणार होत्या हे त्यांना कुठे माहीत होते. झाले असे की बाळंतपणाच्या रजेच्या कलमावर बदलीचे कलम बसले. नांदुऱ्याच्या गोजरबाईने सातव्या महिन्यात रजेचा अर्ज केला आणि नियमपुस्तिका पाहून मंडळाने तिची संग्रामपूरला बदली केली. बाईने आज्ञा पाळली. बैलगाडीतून गेली आणि संग्रामपूरच्या वेशीत बाळंत झाली. मायलेक सुखरूप राहिली म्हणून सगळे हसले. भगवंतराव हसले नाहीत. ते डझनभर केळी आणि झबले घेऊन संग्रामपूरला गेले आणि गोजरबाईने उलट त्यांनाच चहा पाजला. तो चहा त्यांना अजून उतरला नव्हता.

"हा चौथा हाये," भगवंतराव कागद दाखवत म्हणाले. "तिसरा कुठी हाये?"

पहिल्या दोन दुरुस्त्या कंपनीच्या माणसाने मशीन बसवताना स्वतःच केल्या होत्या. तिसरी? जावईबापू म्हणाले आलीच नाही. भगवंतरावांनी आवक वही आणली. आली होती. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली होती.

आदल्या दिवशी म्हणजे खंडेनवमीला. किसनराव, जावईबापू आणि दयाराम यांनी एकमेकांकडे पाहिले आणि तिघांच्याही डोक्यात प्रकाश पडला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी मशीनला झेंडूची माळ घातली होती, टंकलेखन यंत्राला हळदकुंकू वाहिले होते, आणि तेवढ्यात मशीनच्या नावाने पाकीट आले म्हणून किसनरावांनीच शुभशकुन समजून ते पूजेत ठेवायला सांगितले होते. दयारामने पाकीट फोडून आतली नवी वस्तू बाहेर काढली, तिच्यावर हळद, कुंकू आणि अक्षता मनापासून वाहिल्या आणि मग पूजेतली वस्तू हलवायची नसते म्हणून पाकिटासकट सचिवांच्या खोलीतल्या देव्हाऱ्यात ठेवून दिली. आठ महिने तिला रोज उदबत्ती मिळत होती.

देव्हारा अधिकाऱ्यांच्या डोक्यावर होता आणि अधिकारी रस जेवून कोचावर लवंडले होते. दयाराम स्टुलावर चढला, किसनरावांनी स्टूल धरले, आणि पाकीट सुखरूप खाली आले. अधिकाऱ्यांच्या सदऱ्यावर थोडा अंगारा सांडला. तो फुंकावा की राहू द्यावा यावर दोघांत खुणांनी मतभेद झाले आणि शेवटी राहू दिला.

जावईबापूंनी फ्लॉपी हलवून पाहिली. तिच्या खाचेतून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. आतली चकती हळदीने पिवळी झाली होती. ती मशीनमध्ये घालायची हिंमत त्यांना झाली नाही. पुण्याला ट्रंककॉल लावला, तो दीड वाजता लागला तर तिकडे घंटा वाजत राहिली, शनिवारची अर्धी सुट्टी झाली होती. जावईबापूंनी शाल काढून खुर्चीवर टाकली आणि हात टेकले. किसनराव देव्हाऱ्याच्या दिशेने हात जोडायला लागले.

भगवंतराव मात्र पाकिटातला कागद उलगडून पाहत होते. वरच्या कोपऱ्यात कुंकवाचे स्वस्तिक होते. त्याखाली फ्लॉपीत जे होते तेच छापलेले होते. सेहेचाळीस ओळी. ठिकाण, जुने, नवे.

"तुमच्या त्या साधनाले एकेक करून हातानं सांगता येते का?"

जावईबापू म्हणाले, येते, पण आकडे असले-तसले नाहीत, माणसाला कळायचे नाहीत. भगवंतरावांनी चष्मा पुसला. आकड्यांत मधेच ए, बी, सी अशी अक्षरे होती. हे काय, असे त्यांनी विचारले तेव्हा जावईबापूंनी कंटाळत समजावले की या मशीनची मोजणी दहाची नसते, सोळाची असते, म्हणून नवानंतर अक्षरे लागतात.

"मंग सरळ सांगा ना, रुपयाचे सोळा आने," भगवंतराव म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

जावईबापूंना ही गोष्ट सहा महिन्यांच्या कोर्समध्ये कोणी इतकी सोपी करून सांगितली नव्हती. खुर्ची थोडी सरकवून त्यांनी जागा करून दिली.

मग पावणेदोन तास त्या गार खोलीत वेगळीच पोथी चालली. भगवंतराव ओळीखाली लाकडी पट्टी धरायचे आणि वाचायचे: ठिकाण अमुक, जुने सात चार, नवे ई बी. जावईबापू दाबायचे. मशीन जुळले म्हणायचे. पट्टी एक ओळ खाली यायची. एकोणिसाव्या ओळीला जावईबापूंनी एक ठिकाण चुकीचे दाबले. मशीन अडले, भगवंतरावांनी ओरडा केला नाही, ठिकाण तेवढे पुन्हा वाचले. तिसाव्या ओळीला दोघांनी एकच चहा अर्धा अर्धा घेतला. या आकड्यांनी मशीनच्या पोटात नेमके काय होत होते हे भगवंतरावांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी विचारलेही नाही. प्रवासभत्त्याचे कलम त्यांनी एकोणीस वेळा दुरुस्त केले होते आणि आयुष्यात एकदाही प्रवासभत्ता घेतला नव्हता. कलमाचा अर्थ लावणारे वेगळे असतात. आपल्याला ठिकाण चुकू द्यायचे नसते.

सेहेचाळिसावी ओळ जुळली तेव्हा सव्वातीन वाजले होते. जावईबापूंनी सकाळची फ्लॉपी पुन्हा घातली. क्रमांक चार. मशीन घरघरले. जुने जुळले. नवे बसले. जावईबापूंच्या तोंडून नकळत शीळ निघाली.

"झालं, काका," ते म्हणाले. सकाळपर्यंत ते खर्चेबाबू होते.

"आता सही कुठी कराची?" भगवंतरावांनी विचारले.

जावईबापूंना कळेना. भगवंतरावांनी समजावून सांगितले की दुरुस्ती केली की तिच्या बाजूला आद्याक्षरी असते. बिनसहीची दुरुस्ती म्हणजे खाडाखोड, तिला कोण जबाबदार? बत्तीस वर्षांत त्यांच्या 'भ. ख.'शिवाय एकही पट्टी चिकटली नव्हती. आणि मग, बहुधा शुक्रवार जवळ आला होता म्हणून, ते एरवी कधी बोलले नसते तेही बोलून गेले. त्या साऱ्या सह्या ज्या पुस्तिकेत होत्या ती यंदा कपाटावर गेली होती, कारण नवीन नियम मशीनमध्ये घालायचे ठरले होते. "इतकं केलं आन् कुठीच काई राह्यलं नाई," ते म्हणाले आणि लगेच ओशाळून पट्टी पुसू लागले.

जावईबापू तसे मनाचे वाईट नव्हते. त्यांचा एवढा मान ठेवण्यात आला होता की चांगले वागायची संधी त्यांना फारशी मिळाली नव्हती. त्यांनी प्रोग्रामच्या फाइलचे शेवटचे पान पडद्यावर आणले. तिथे कंपनीचे नाव होते आणि पुढे नुसती शून्ये. रिकामी जागा आहे, कोणाच्या कामाची नाही, इथे टाकू, असे ते म्हणाले. इंग्रजी बी म्हणजे चार दोन, के म्हणजे चार बी. त्यांनी दाबले. पडद्याच्या कोपऱ्यात, शून्यांच्या मैदानात, बी आणि के उभे राहिले. भगवंतरावांनी चष्मा वर केला, खाली केला आणि बराच वेळ पाहिले. मशीनच्या आत आपण आहोत या कल्पनेने त्यांचे कान लाल झाले होते.

मग यादी काढायला प्रोग्राम सुरू केला, आणि प्रोग्राम सुरू होईना.

फाइलमध्ये कोणीतरी ढवळाढवळ केली आहे, म्हणून काम बंद, एवढीच ओळ पडद्यावर येत होती. पुन्हा केले, पुन्हा तेच. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. पलीकडे अधिकारी उठून चूळ भरत असल्याचा आवाज येत होता. जावईबापूंचा चेहरा उतरला. त्यांनी कंपनीचा कागद शेवटपर्यंत वाचला, तेव्हा तळाशी लिहिलेले सापडले. सुरू होण्याआधी हा प्रोग्राम स्वतःतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करतो आणि ती ठरलेल्या बेरजेशी जुळली नाही तर बसून राहतो. नवी बेरीज चौथ्या दुरुस्तीतच दिलेली होती.

"आपले दोन आकडे जास्तीचे झाले," जावईबापू म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण काका, तोड आहे. कंपनीच्या नावातून तेवढेच वजा करू. बेरीज जुळेल. तुमची सही राहील. कोणाच्या बापाला कळणार नाही."

भगवंतराव पडद्याकडे पाहत राहिले. नाही म्हणायला त्यांना वेळ लागला, हे सांगितले पाहिजे. ते काही संत नव्हते. त्यांनी दारातून बाहेर नजर टाकली. कोकिळा बाकावरून उठून यादी लागायच्या फळ्यापाशी जाऊन उभी होती, रिकाम्या फळ्यापुढे, जागा कोणी घेऊ नये म्हणून उभे राहतात तशी.

"कागदावर हाये का थे?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मंग नाई कराचं." त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला. "माही सही तरी कुठी होती कागदावर."

जावईबापू कळफलकाकडे वळले तर भगवंतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळपेक्षा हा हात हलका होता. "मले काढू द्या," ते म्हणाले.

जावईबापू खुर्चीवरून उठले. भगवंतराव तिच्यावर बसले, अगदी कडेला, आणि उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या मशीनला हात लावत होते. पट्टीची गरज नव्हती तरी त्यांनी ओळ मोठ्याने वाचली, कारण वाचल्याशिवाय त्यांना दुरुस्ती करता येत नसे.

"ठिकाण हेच. जुने चार दोन. नवे शून्य शून्य."

एकेक कळ शोधून त्यांनी दाबली. जुळले.

"पुढचं ठिकाण. जुने चार बी. नवे शून्य शून्य."

जुळले. बी आणि के गेले आणि सगळीकडे सारखी शून्ये झाली. जावईबापू खिडकीकडे तोंड करून उभे होते.

प्रोग्राम सुरू झाला. छपाईयंत्र करकरू लागले आणि भोके पाडलेला लांबलचक कागद घडी घडी बाहेर येऊ लागला. जानेफळच्या पाचही इंगळे आल्या. चौथी कोकिळा. पाच वाजायला दहा मिनिटे असताना अधिकाऱ्यांनी खांद्यावरचा अंगारा झटकत सही केली. किसनराव घामाघूम होते आणि अतिशय खूश होते. त्यांनी अधिकाऱ्यांना जावयाची पुन्हा एकदा ओळख करून दिली आणि म्हणाले, "म्या म्हनलंच होतं, मशीन चुकत नाई." जावईबापूंनी काहीतरी सांगायला तोंड उघडले. भगवंतरावांनी मागून नुसती मान हलवली, तेव्हा त्यांनी ते मिटले आणि अधिकाऱ्यांना नमस्कार करायच्याऐवजी भलतीकडेच वाकून बसले. भगवंतरावांनी पाय मागे घेतले, पण उशीर झाला होता. किसनरावांना हा जावयाचा विनय वाटला.

दयारामने यादी फळ्यावर लावली. लगेच गर्दी झाली. सगळ्यांत पुढे कोकिळा होती. तिने वरून खाली बोट फिरवत आणले आणि एका ओळीवर थांबवले. ते बोट तिथून हलेना. मागच्या बाया रेटू लागल्या. आम्हालाही पाहू दे की, नाव काही पळून जात नाही, असे कोणी म्हणाले. दयाराम तिला बाजूला करायला पुढे झाला.

भगवंतराव चपला शोधत दाराशी आले होते. त्यांनी दयारामला हाक मारली.

"राहू दे बे," ते म्हणाले. "पाहू दे तिले."